‘च’ कुठे लावायचा?

कर्ज देणाऱ्या एका संस्थेत मी ३१ वर्षं हिशेब लिहिले. तिथे ‘तारण’ हा शब्द दिवसातून वीसदा तरी कानावर पडायचा. तारण काय आहे? पुरेसं आहे का? त्याचं मूल्यांकन झालं का? घर, दागिने, ठेवीची पावती, काहीही चालायचं. पण अर्जदाराने स्वतःचं काहीतरी आमच्या हवाली केल्याशिवाय पैसा जागचा हलत नसे. रविवारी चर्चमध्ये उपासनेला बसलं की तोच शब्द पुन्हा यायचा, आणि यायचा तो अगदी उलटा होऊन. इथे तारण म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका, आणि तिच्यासाठी तू काही ठेवायचं नाहीस, कारण ठेवण्यासारखं तुझ्याकडे काही नाहीच. सहा दिवस एक अर्थ आणि सातव्या दिवशी दुसरा. मला वाटतं, या विषयाने मला आयुष्यभर सोडलं नाही त्याचं निम्मं कारण हे असावं.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे पप्पा.

पप्पा शिक्षक होते, आणि शाळा सुटल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुलांचा बायबलवर्ग घ्यायचे. त्यांच्या वर्गात कुणीही नवीन आलं की आधी इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवं आणि नववं वचन पाठ करायला लागायचं. कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे, कर्मांनी ते मिळत नाही, म्हणून कुणी बढाई मारू नये. मुलांनी घडाघडा म्हणून दाखवलं की पप्पा टेबलावर हलकेच थाप मारायचे. “विश्वासाने! कशाने?” आणि आम्ही सगळे ओरडायचो, “विश्वासानेच!”

त्या ‘च’वर त्यांचा जीव होता. प्रॉटेस्टंट माणसाचा असतोच. पाचशे वर्षं आमचं अख्खं घराणं त्या एका अक्षरावर उभं आहे.

दहावं वचन मात्र पप्पांनी कधी पाठ करायला लावलं नाही. आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्यं करण्यासाठीच ख्रिस्तामध्ये निर्माण झालो आहोत, असं ते वचन सांगतं. त्याच वाक्याचा तो पुढचा श्वास आहे. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते माझ्या नवऱ्याने. तो कॅथलिक. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो एकदा शांतपणे म्हणाला, “तुझे पप्पा दर वेळी एक पायरी आधी का थांबतात?” मला राग आला. उत्तर नसलं की येतो तसा.

त्याच रागातून मी वाचायला लागले, आणि हिशेबनिसाचं डोकं असल्यामुळे मी पहिल्यांदा अडकले ती रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात. तिथे ख्रिस्ताचा प्रेषित पौल यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याबद्दल लिहितो: त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूला नीतिमत्त्व म्हणून, म्हणजे देवापुढे निर्दोष असणं म्हणून, गणला गेला. या ‘गणण्या’साठी मूळ ग्रीकमध्ये ‘लोगिझोमाई’ हे क्रियापद आहे. मोजणं, हिशेबात धरणं, खात्यावर टाकणं. म्हणजे आमच्या धंद्यातला शब्द. या एका अध्यायात तो ११ वेळा येतो. पौल तंबू विणायचा म्हणतात, पण हा अध्याय वाचताना मला तो खतावणी उघडून बसलेला दिसतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती उपकार म्हणून लिहीत नाहीत, देणं म्हणून लिहितात. आणि जो काम करत नाही, पण अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याच्या खात्यावर त्याचा विश्वासच जमा होतो.

ही नोंद मी कामावर केली असती तर लेखापरीक्षकाने मला दारात उभं केलं नसतं. माल आला नाही, पैसा आला नाही, आणि जमेच्या बाजूला रक्कम? व्हाउचर कुठे आहे? गंमत म्हणजे ही शंका बायबललाही नवी नाही. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. आणि पौल, जो हे सगळं कोळून प्यायला होता, तो देवाचं वर्णन करताना नेमकं तेच म्हणतो: अधर्म्याला नीतिमान ठरवणारा. हे त्याने नकळत लिहिलं असेल असं मला वाटत नाही. वाचणाऱ्याला ठेच लागावी म्हणूनच त्याने तो दगड वाटेत ठेवला असणार. त्याचं व्हाउचर त्याच अध्यायाच्या शेवटी आहे, वधस्तंभ आणि पुनरुत्थान. रक्कम भरली गेली आहे, फक्त भरणारा दुसरा आहे.

हे ११ वेळांचं प्रकरण मी पप्पांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांनी शिसपेन्सिल काढली आणि म्हणाले, मोजून बघतो. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, “पोरी, तुझ्या हिशेबात घोळ आहे. आठच आहेत.” मी वर्षअखेरीच्या कामात गळ्यापर्यंत बुडाले होते. “पान उलटा, पप्पा,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

ज्याच्यापासून आम्ही प्रॉटेस्टंट कॅथलिक चर्चपासून वेगळे झालो, त्या मार्टिन ल्यूथर या जर्मन संन्याशाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १५१७, विटेनबर्ग, पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे ९५ मुद्दे. मला त्याहून जास्त भावते ती पुढची, एका शब्दाची गोष्ट. १५२२ मध्ये त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं आणि रोमकरांस ३:२८ मध्ये एक शब्द घातला, ‘आलाइन’, म्हणजे केवळ. माणूस नियमशास्त्राच्या (म्हणजे मोशेच्या नियमांच्या) कर्मांवाचून, *केवळ* विश्वासाने नीतिमान ठरतो. मूळ ग्रीकमध्ये हा ‘केवळ’ नाही. टीकाकार तुटून पडले. १५३० मध्ये ल्यूथरने भाषांतराविषयी एक खुलं पत्र लिहून उत्तर दिलं: मूळ मजकुरात हा शब्द नाही हे मलाही माहीत आहे, पण जर्मन माणूस असंच बोलतो. एक गोष्ट आहे आणि दुसरी नाही असं सांगायचं असेल तर तो ‘केवळ’ घालतोच. शेतकऱ्याने केवळ धान्य आणलं, पैसे नाही आणले.

हे वाचताना मला हसू आलं, कारण मराठीत तर याला शब्दसुद्धा लागत नाही. “धान्यच आणलं, पैसे नाही.” काम झालं. ल्यूथर मराठी असता तर त्याला एक अक्षर पुरलं असतं आणि कदाचित भांडणही थोडक्यात मिटलं असतं. (नसतं मिटलं. त्याचा स्वभाव पाहता नक्कीच नसतं.)

आता खरी अडचण. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द असे जोडीने नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात. आणि तिथे त्यांच्यापाशी नकार आहे. माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. ल्यूथरला हे पत्र कधीच पचलं नाही. १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताची काडी म्हटलं, आणि आपल्या बायबलात ते इब्रीकरांस, यहूदा आणि प्रकटीकरण यांच्याबरोबर शेवटी ढकललं. पुढच्या आवृत्त्यांतून गवताचं ते वाक्य गेलं, पत्राची जागा मात्र बदलली नाही.

माझ्याजवळच्या मराठी बायबलात एक मजेदार गोष्ट आहे. पौल लिहितो तिथे ‘कर्मे’ आहे आणि याकोब लिहितो तिथे ‘क्रिया’. ग्रीकमध्ये दोघांकडे शब्द एकच, ‘एर्गा’. मराठी वाचकाला त्यामुळे दोघांचं भांडण थोडं कमी ऐकू येतं. मी लहानपणी समजायचे की कर्मं म्हणजे ती जुनी, नियमशास्त्रातली, आणि क्रिया म्हणजे रोजचं वागणं. नंतर ग्रीक शब्द कळला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं; आणि त्याहूनही नंतर वाटलं की भाषांतरकार फार चुकला नसावा. गेल्या पन्नासेक वर्षांत पौलाच्या अभ्यासकांचा एक मोठा गट हेच म्हणतोय, की ‘नियमशास्त्राची कर्मं’ म्हणताना पौलाच्या डोळ्यांसमोर मुख्यतः सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शब्बाथ अशा यहुदी ओळखीच्या खुणा होत्या. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, देवाच्या घरात यायचं तर आधी यहुदी व्हायला हवं का, हा त्याचा झगडा होता. गरिबाला पांघरूण देऊ नका असं तो कुणालाच सांगत नव्हता. मला हे सगळं पटतं असं नाही, रोमकरांस चौथा अध्याय त्यात पूर्ण मावत नाही. पण याकोब ज्याच्यावर चिडलाय तो माणूस पौल नाही, एवढं मला आता स्पष्ट दिसतं. उघड्या, उपाशी भावाला “सुखाने जा, ऊब घे, पोट भर” असं म्हणून हात झटकणाऱ्यावर तो चिडलाय. देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तो म्हणतो. मान्यता आणि भरवसा यांतला फरक याहून कमी शब्दांत कुणी सांगितलेला मला माहीत नाही.

आणि दोघंही साक्षीला बोलावतात तो माणूस एकच, अब्राहाम. वचनही एकच, उत्पत्ती १५:६. पौल ते वचन तिथेच ठेवून वाचतो: रात्र आहे, आकाशात तारे आहेत, अब्राहामाला मूल नाही, त्याने अजून काहीही केलेलं नाही, सुंतासुद्धा दोन अध्यायांनंतर आहे. याकोब तेच वचन पुढे बाविसाव्या अध्यायापर्यंत नेतो, जिथे तोच म्हातारा देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगर चढतो. एकाने नोंद कधी झाली ते पाहिलं, दुसऱ्याने वर्षांनंतर ती खरी निघाली का ते पाहिलं. माझ्या कामात या दोन वेगवेगळ्या तारखा असतात आणि दोन्ही लागतात.

नवऱ्याकडे परत येते. आमच्या घरात वाढताना माझी पक्की समजूत होती की कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळतं असं मानतात. पप्पांनी तसंच शिकवलं होतं, त्यांना कुणीतरी तसंच शिकवलं होतं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर मी ट्रेंटच्या परिषदेचा, म्हणजे ल्यूथरच्या बंडाला उत्तर देणाऱ्या कॅथलिक धर्मसभेचा, नीतिमान ठरण्याविषयीचा निर्णय स्वतः वाचला. १३ जानेवारी १५४७, सहावी बैठक. ल्यूथरला जाऊन तेव्हा अकरा महिने होत आले होते. त्यात ३३ कलमं आहेत, आणि मी अर्थातच नवव्या कलमापासून वाचायला सुरुवात केली होती, कारण आमच्याकडे तेवढंच सांगतात: पापी माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि कृपा मिळण्यासाठी त्याच्या बाजूने दुसऱ्या कशाचीच गरज नाही, असं जो म्हणेल तो शापित. मग मी पहिलं कलम वाचलं. ख्रिस्ताद्वारे येणाऱ्या देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल, तोही शापित.

मी नवऱ्याला उठवलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

“तुमच्यात कर्मांनी तारण नाहीये?”

“मी वीस वर्षं काय सांगतोय?” एवढं बोलून तो पुन्हा झोपला.

म्हणजे भांडण नव्हतंच असं नाही. होतं, आणि ते एका क्रियापदात होतं. मराठी बायबल म्हणतं, नीतिमान *ठरणं*. ठरवणारा न्यायाधीश असतो. निकाल लागतो आणि आरोपी सुटतो, आतून तो अजून तोच असला तरी. लॅटिन चर्चच्या, म्हणजे कॅथलिकांच्या, कानाला तो शब्द नीतिमान *करणं* असा ऐकू यायचा. ट्रेंटने म्हटलंच आहे की यात फक्त पापांची क्षमा नाही, आतल्या माणसाचं नवं होणंही आहे. कृपा माणसात ओतली जाते, तो तिला साथ देतो, तिच्यात वाढतो, पडतो, पुन्हा उभा राहतो. नवरा याला लहान मुलाचा हात धरून चालवणं म्हणतो: चालवणारा बाप, पण पाय मुलाचेच. आमचे लोक म्हणतात, नव्हे, ते मूल मेलेलं होतं, आधी त्याला उठवलं. आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींना हा सगळा कोर्टाचा खटाटोपच परका वाटतो. त्यांच्या दृष्टीने पाप हा आजार आहे, तारण म्हणजे बरं होणं, इतकं बरं होणं की माणूस देवाच्या जीवनात सहभागी व्हावा. रोग्याला निकालपत्र देऊन काय उपयोग, असं ते विचारतील.

मी अजूनही ‘ठरण्या’च्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. कारण माझं ‘होणं’ मी रोज बघते. त्यावर विसंबायचं ठरवलं तर मला झोप लागणार नाही.

पण आमच्या बाजूचेही किती टोकाला जातात! ल्यूथर गेल्यावर त्याच्याच शिष्यांत जुंपली. गेओर्ग मायोर म्हणाला, तारणासाठी सत्कृत्यं आवश्यक आहेत. निकोलाउस फॉन आम्सडॉर्फ इतका खवळला की १५५९ मध्ये त्याने लिहून टाकलं, सत्कृत्यं तारणाला *अपायकारक* आहेत. चिडलेल्या माणसाने हातात लेखणी घेऊ नये. शेवटी १५७७ च्या एकमताच्या मसुद्यात ल्यूथरन मंडळींनी दोन्ही वाक्यं बाद केली. खुद्द ल्यूथरने तर रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत आधीच लिहून ठेवलं होतं की विश्वास ही जिवंत, सतत काम करणारी गोष्ट आहे. विस्तवापासून उष्णता आणि उजेड वेगळा काढता येत नाही, तशी विश्वासापासून कृत्यं वेगळी काढता येत नाहीत. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये एका सभेत कुणीतरी हीच प्रस्तावना वाचत होतं आणि जॉन वेस्लीच्या हृदयाला विलक्षण ऊब जाणवली, पुढे त्यातून मेथडिस्ट चळवळ उभी राहिली. आणि १९३७ मध्ये डीट्रिख बोनहोफर या ल्यूथरन पाळकालाच आपल्या लोकांना ‘स्वस्त कृपे’बद्दल बजावावं लागलं: पश्चात्तापाशिवाय क्षमा, वधस्तंभाशिवाय कृपा. ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्याला फाशी दिलं. त्याच्या विश्वासाची किंमत त्याने कुणाकडून उधार घेतली नव्हती.

स्वस्त कृपा मी जवळून पाहिली आहे. एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला बोलावलेले उपदेशक, नाव सांगत नाही, शवपेटीसमोर उभं राहून म्हणाले की या माणसाने आयुष्यभर लोकांचं भलं केलं असेल, पण यशया संदेष्ट्याने म्हटल्याप्रमाणे आपली धर्मकृत्यं घाणेरड्या चिंध्या आहेत, आणि यांनी कधी स्पष्ट शब्दांत विश्वास कबूल केल्याचं मला ठाऊक नाही. माझी मावशी पहिल्या रांगेत होती. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. कृपेचा सिद्धांत सांगताना माणसाच्या अंगात इतकी कृपाहीनता कुठून येते, हे कोडं मला सुटलेलं नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या वेळी, उजवीकडच्या, म्हणजे स्वीकारलेल्या, लोकांना तर आपण काही केलंय हेच माहीत नसतं. “प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं?” असं ते विचारतात. त्यांनी हिशेब ठेवला नव्हता.

त्याच उपदेशकांनी मला एकदा विचारलं होतं, “ताई, तुमचं तारण कधी झालं? तारीख सांगा.” माझ्याकडे तारीख नाही. जन्मभर तारखेशिवाय एक नोंद केली नाही मी, आणि ही एवढी मोठी नोंद बिनतारखेची. मी म्हटलं, इसवी सन ३० च्या आसपास, यरुशलेमबाहेर, वधस्तंभावर. त्यांना ते आवडलं नाही.

पप्पा आजारी पडले ते त्या आठच्या फोननंतर दोनेक महिन्यांनी. रुग्णालयातल्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी शेजारी बसले होते. ते बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, “माझा विश्वास पुरेसा आहे का गं?”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. चाळीस वर्षं पोरांना ‘विश्वासानेच’ म्हणायला लावणारा माणूस! आणि त्याचा प्रश्न माझ्या ऑफिसमधला होता. पुरेसं आहे का? मूल्यांकन झालं का?

तेव्हा मला कळलं की आमच्या घरात काय झालं होतं. कर्मं बाहेर काढली होती आम्ही, पण त्यांची खुर्ची तशीच ठेवली होती, आणि तिच्यावर विश्वासाला बसवलं होतं. आता विश्वासाचंच वजन करायचं. किती आहे, खरा आहे का, रात्री तीन वाजता टिकतो का. कर्मं निदान मोजता तरी येतात, भाकरी दिली की नाही ते कळतं. विश्वास मोजायला बसलं की हाताला काहीच लागत नाही.

ल्यूथरचंही मठात असंच झालं होतं. तो पापं कबूल करून थकायचा नाही, आणि दर वेळी त्याला वाटायचं की काहीतरी राहिलं. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ यांनी त्याला स्वतःत डोकावणं सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगितलं. ते सगळं मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी पप्पांचा हात धरला आणि काहीतरी पुटपुटले, तुमचा नसेल तर कुणाचा असेल वगैरे. हे सगळ्यात वाईट उत्तर होतं, कारण ते पुन्हा त्यांच्याच खात्याची शिल्लक सांगत होतं.

संध्याकाळी नवरा आला. मी दारात त्याला प्रश्न सांगितला. तो आत गेला, पप्पांच्या उशाशी बसला आणि त्याने मार्काचा नववा अध्याय काढला, मुलाला बरं करा म्हणून विनवणारा तो बाप. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. नवऱ्याने वाचून पुस्तक मिटलं. “पप्पा, त्याचा अर्धाच होता. मुलगा पूर्ण बरा झाला.”

पप्पा बघत राहिले. मग म्हणाले, “हे ल्यूथरचं आहे.”

“मार्काचं आहे,” नवरा म्हणाला.

ते हसले. त्यानंतर चार दिवसांनी ते गेले.

पुढे मी इफिसकरांस पत्र पुन्हा उघडलं, ते पाठ असलेलं वचन, आणि जन्मात पहिल्यांदा त्यातली अक्षरं पाहिली. मराठी भाषांतरकाराने ‘च’ लावलाय, पण ‘विश्वासा’ला नाही. कृपेने*च*, विश्वासाच्या द्वारे. ‘च’ कृपेवर आहे. विश्वासाला नुसतं ‘द्वारे’ आहे, दार. आम्ही टेबलावर थाप पडली की ओरडायचो तो ‘च’ चुकीच्या शब्दावर होता, आणि मी ते वचन हजार वेळा म्हटलं असेन. ल्यूथरला हे कळत होतं असं मला वाटतं. त्याचा ‘केवळ’ हा विश्वासाची फुशारकी नव्हती. आपल्या हातात काही नाही हे सांगण्याची ती त्याची रीत होती. पण घोषणा झाली की अक्षर सरकतं.

अभ्यासकांमध्ये एक वादही आहे, त्याने मला बरीच मदत केली. गलतीकरांस २:१६ मध्ये पौलाचे ग्रीक शब्द ‘ख्रिस्तावरचा विश्वास’ असे वाचता येतात, तसेच ‘ख्रिस्ताचा विश्वासूपणा’ असेही. व्याकरण दोन्ही चालवून घेतं. दुसरं वाचन खरं असेल तर पप्पांच्या प्रश्नाला उत्तर देणारा मी नव्हे, ते नव्हेत, तिसराच कुणीतरी.

३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, असा त्यातल्या मुख्य वाक्याचा आशय. तिथेही ‘केवळ’ कृपेपाशी आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही. आमच्या घरातलेसुद्धा मिटलेले नाहीत. मेल्यानंतर आत्मे शुद्ध होतात असं कॅथलिक मानतात त्या शुद्धिस्थानावरून आम्ही अजूनही जेवताना भांडतो, आणि त्याच्या मते मी हरते.

पप्पांचं बायबल माझ्याकडे आहे. ते मी वर्षभर उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा रोमकरांस चौथ्या अध्यायाच्या समासात शिसपेन्सिलीने आकडे घातलेले दिसले. तिसऱ्या वचनाशी १, चौथ्याशी २, असं करत अकराव्या वचनाशी ८. तिथे पान संपतं. फोन त्यांनी इथूनच केला होता.

मी पान उलटलं. बाविसाव्या वचनाशी ९, तेविसाव्याशी १०. अक्षर बिघडलेलं, आकडे ओळीवरून घसरलेले. आणि चोविसाव्या वचनाशी, जिथे पौल म्हणतो की हे फक्त अब्राहामासाठी लिहिलेलं नाही, आपल्यासाठीही आहे, तिथे ११. त्याभोवती त्यांनी गोल केला होता, हिशेब जुळला की मी करते तसा.